छपराची कंबर

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच पडतो. गाडी नाही, घ्यायचा विचार नाही, माझ्या नवऱ्याकडे, अनुपकडे, लायसन्ससुद्धा नाही, आणि तरी त्याने जपानात, चिबातल्या आमच्या घराशेजारी स्वतःच्या हाताने गॅरेज बांधायला घेतलं होतं. ते त्याच्या बाबांसाठी होतं. नेमकं सांगायचं तर वरचा माळा बाबांसाठी होता आणि खालचं गॅरेज तो माळा उचलून धरण्यापुरतं.

त्याआधी आम्ही टोकियोतल्या हिगाशी-कसाईत राहायचो. इमारतीतली निम्मी माणसं पुण्याची. लिफ्टमध्ये मराठी, कचऱ्याच्या पिशव्या ठेवायला खाली उतरलं की मराठी. ते सगळं सोडून नवऱ्याने मेट्रोच्या तोझाई लाईनच्या शेवटच्या स्टेशनच्याही पलीकडे, भातशेतीच्या कडेला एक जुनं लाकडी घर घेतलं, तेव्हा मैत्रिणींनी आम्हाला वेड्यात काढलं. दिपाली म्हणाली, तिथे कोथिंबीरसुद्धा मिळणार नाही. मिळत नव्हतीच. अनुपला रोज तोयोसुच्या ऑफिसला जायला दीड तास लागायचा आणि तो ट्रेनमध्ये उभ्याउभ्या झोपायला शिकला होता. पण त्याचं एकच म्हणणं होतं, की कसाईच्या दोन खोल्यांत बाबा चार दिवससुद्धा राहणार नाहीत. त्यांना दार उघडलं की जमीन लागते. व्हिसा तीन महिन्यांचाच मिळाला असता, पण तीन महिने इकडे, मग काही महिने कराडला, मग पुन्हा इकडे, असं सगळं त्याने मनात ठरवून टाकलं होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, पण विचारायला हवं होतं.

घर एवढंसं होतं, म्हणून गॅरेज. होम सेंटरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या मोठ्या दुकानात, त्याचं सगळं सामान एकत्र मिळतं, फळ्या, खिळे, नकाशा, सगळं. अनुपने मुद्दाम मोडक्या उताराचं छप्पर निवडलं. ऑफिसच्या कामाने होक्काइदोला गेला होता तेव्हा तिथल्या गोठ्यांवर त्याने तसली छपरं पाहिली होती. साधं छप्पर आढ्यापासून खालपर्यंत एकाच उताराने येतं. हे वरच्या भागात जरा आडवं असतं, आणि मध्येच मोडून एकदम सरळ खाली उतरतं. त्यामुळे माळ्यावर डोकं न आपटता उभं राहता येतं. बाबा उंच होते. ते वाकून राहतील असं काही बांधायचं नाही, हे अनुपच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता बाप-लेकांविषयी. माझं लग्न होऊन मी कराडच्या घरी गेले तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. दोघं एकाच खोलीत बसलेले. बाबा आईंना म्हणाले, त्याला विचार, जेवला का. आईंनी विचारलं. अनुप आईंना म्हणाला, त्यांना सांग, जेवलो. मला वाटलं भांडण झालंय. भांडण नव्हतं, तीच पद्धत होती. मग आई गेल्या आणि मधलं पोस्ट ऑफिसच बंद झालं. अनुप दर रविवारी संध्याकाळी टेलिफोन कार्डाचे आकडे दाबून कराडला फोन लावायचा. तब्येत बरी? बरी. तुझी? बरी. बरं, ठेवतो. कार्डावरची मिनिटं तशीच शिल्लक राहायची, आणि मग ती मी माझ्या आईशी बोलून संपवायचे.

गॅरेजने हे बदललं. अनुपने पहिल्यांदा सांगितलं की असं असं बांधतोय, वर तुमच्यासाठी खोली. तिकडून बाबांनी विचारलं, खांब किती जाडीचे घेतलेस? त्या दिवशी कार्ड संपेपर्यंत बोलणं चाललं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि खरंच सांगते, माझे हात थांबले.

तेव्हापासून दर रविवारी तेच. अनुप फोटो ईमेलने विवेकदादांना पाठवायचा. विवेकदादा म्हणजे अनुपचे थोरले भाऊ, आई गेल्यापासून बाबा त्यांच्याकडेच होते. ते सायबर कॅफेत जाऊन फोटो छापून आणायचे आणि बाबा ते फोटो समोर मांडून फोनवर बसायचे. बाबांनी सगळा जन्म एसटीत काढला होता. आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. बांधकामातलं त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, पण एसटीच्या टपावर चढून पावसापाण्यात लोकांची बोचकी उतरवली होती, त्या जोरावर ते छपराविषयी ठामपणे बोलायचे. दोन उतार जिथे मोडतात त्या आडव्या रेषेला 'कंबर' हे नाव त्यांनीच दिलं. फोटो पाहून म्हणाले, हे छप्पर माझ्यासारखंच आहे, वरून ठीक आणि कमरेत वाकलेलं.

दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही उतारांवर डांबरी कौलांच्या चपट्या पट्ट्या ठोकून झाल्या. राहिली ती कंबर. खालच्या उताराची सगळ्यात वरची ओळ आणि वरच्या उताराची सगळ्यात खालची ओळ यांच्यामध्ये बोटभर फट होती. तिच्यावर कोनात वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवायची असते. पट्टीची एक बाजू वरच्या कौलांच्या खाली सरकवायची, दुसरी खालच्या कौलांच्या वर येऊ द्यायची. म्हणजे वरून आलेलं पाणी पट्टीवर पडतं, पट्टीवरून खाली जातं, आणि आत येत नाही. मग वरची कौलं डांबरी गोंद लावून तळहाताने दाबून बसवायची, की झालं काम. पट्ट्या वाकवून आल्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या.

त्या रविवारी अनुपने हे सगळं बाबांना समजावून सांगितलं. मी फोनच्या जवळच होते, त्यामुळे बाबांचा आवाज मलाही ऐकू आला.

"कंबर राहू दे," बाबा म्हणाले. "ती मी आल्यावर. माझा हात लागू दे."

आपल्याकडे हे असतंच. घरातलं काहीही मोठं काम असो, शेवटचं थोडं वडीलधाऱ्यांसाठी ठेवायचं. अनुपचा चेहरा उजळला. त्याने वर निळी ताडपत्री टाकली, दोऱ्यांनी बांधली आणि वाट पाहायला लागला.

दिवाळीनंतर येतो म्हणाले. दिवाळीनंतर थंडी होती. थंडी सरल्यावर विवेकदादांच्या मुलीची दहावीची परीक्षा होती, घरात मोठं माणूस हवं. मग गुडघे. मग पासपोर्ट पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडकला. दर रविवारी नवीन कारण आणि त्याच्या पाठोपाठ छपराची चौकशी. ताडपत्री उडाली नाही ना? दोरी बदललीस का? पट्ट्यांना गंज नाही ना धरला? अनुप जाऊन बघून यायचा, सांगायचा, आणि दोघं पुन्हा त्या कमरेवर बोलत राहायचे. जपानात निळी ताडपत्री म्हणजे भूकंपात नाहीतर वादळात फुटलेलं घर. शेजारचे इशी-सान, सत्तरीचे सद्गृहस्थ, दर महिन्याला काळजीने विचारायचे, मदत करू का, माझ्याकडे लांब शिडी आहे. अनुप वाकून सांगायचा, वडील यायचेत, ते आल्यावर करू. इशी-सानही वाकायचे आणि म्हणायचे, मग थांबलंच पाहिजे.

मार्चमध्ये मी माळ्यावर बाबांचं अंथरूण उन्हाला टाकायला म्हणून गेले. अंथरुणाला कुबट वास येत होता. फटीखालच्या प्लायवूडला पोपडे धरले होते. माझं डोकं फिरलं. एक माणूस सुट्टीचा प्रत्येक दिवस घालून, बोटं फोडून घेऊन छप्पर बांधतो आणि एका पट्टीसाठी ते कुजू देतो, हे मला बघवेना. मी खाली येऊन अनुपला म्हणाले की आजच्या आज पट्टी लाव, बाबा आले की त्यांच्या हातून नारळ फोडून घेऊ. तो म्हणाला, शब्द दिलाय.

"बाबा येणार नाहीत, अनुप," मी म्हणाले. "मला कळतंय आणि तुला कळत नाही?"

तो उठून गेला. पुढचे काही दिवस आमच्या घरात कराडची पद्धत चालू होती. फक्त निरोप न्यायला मध्ये कोणी नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला बाबा गेले. दुपारचा चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि बसल्या जागी गेले. विवेकदादांचा फोन आला तेव्हा अनुप ऑफिसात होता, म्हणून तो मी घेतला. ते म्हणाले, थांबता येणार नाही, उकाडा फार आहे, त्याला सांग धावपळ करू नको, तेराव्याला या. ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती आणि मोजकीच रजा मिळाली, तीही अनुपने तेराव्यासाठी राखून ठेवली. रविवारचं तिकीट मिळालं. तोपर्यंत तो रोज डबा घेऊन तोयोसुला जात राहिला, वेळेवर येत राहिला. रडला नाही. मला त्याची भीती वाटत होती.

दहावा शनिवारी आला. आदल्या दिवशी टीव्हीवर सांगितलं होतं, कान्तोत, म्हणजे आमच्या भागात, त्सुयु लागतोय. त्सुयु म्हणजे इथला पावसाळा, महिना-दीड महिना रिपरिप. निघायच्या आधी ताडपत्री नीट आवळायची म्हणून अनुपने इशी-सानांची लांब शिडी आणली होती. जेवणं झाली आणि विवेकदादांचा फोन आला. ते कराडच्या संगमावर होते. अनुपने फोनचा स्पीकर लावला आणि तो गॅरेजमधल्या फळीवर ठेवला. मागे पाण्याचा आवाज, भटजींचा आवाज आणि कोणीतरी कावळ्यांना हाका मारतंय.

कावळा शिवत नव्हता. झाडावर बसले होते, खाली बघत होते, पण पिंडाकडे एकही येत नव्हता. विवेकदादांनी होतं नव्हतं ते सगळं कबूल केलं होतं. मुलीला शिकवेन, चुलत्यांशी बोलणं सुरू करेन, आईचं वर्षश्राद्ध चुकवणार नाही. माझ्या जाऊबाई जयमालावहिनी बोलल्या, पुतणी बोलली. ऊन चढलं होतं. इथे आमच्या कचऱ्यावर जाळी टाकली नाही तर कावळे पिशव्या फाडून रस्ताभर पसरतात, बोलवायला लागत नाही, आणि तिकडे माणसं हात जोडून उभी.

"तू बोल," विवेकदादा म्हणाले. "तुझ्यात अडकलाय त्यांचा जीव. फोन पिंडाजवळ धरतो."

अनुप फोनसमोर उभा राहिला. चप्पल काढली.

"बाबा, छप्पर पुरं करतो," तो म्हणाला.

तिकडून नुसता पाण्याचा आवाज. हाका. पुन्हा पाण्याचा आवाज.

"आजच करतो, बाबा. पाऊस यायच्या आत. कंबर आजच..." आणि तिथे त्याचा आवाज फुटला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. तो फळीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. फोनवरचे आवाज चालूच होते. बऱ्याच वेळाने विवेकदादांचा आवाज आला, जरा घोगरा.

"शिवला रे. शिवला."

अनुपने तोंड धुतलं आणि तो शिडीवर चढला. मी दोऱ्या सोडल्या, ताडपत्री ओढून काढली. कितीतरी महिन्यांनी ते छप्पर उघडं पाहिलं. मी खालून पट्ट्या देत होते, तो वरची कौलं हळूच उचलून पट्टी आत सरकवत होता, कोन जुळवत होता, स्क्रू पिळत होता. एक पट्टी दुसरीवर चढवायची, सांध्यात गोंद भरायचा. मी कितीदा म्हणाले असेन की जपून, आणि तो दर वेळी हो म्हणाला. इतकं शहाण्यासारखं तो माझं एरवी ऐकत नाही. एक बाजू झाली, मग दुसरी. शेवटचं कौल दाबून बसवताना त्याने तळहात बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी घाई केली नाही.

इशी-सान शिडी न्यायला आले. वर बघितलं, निळं काही नाही, कंबर लखलखतेय. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी विचारलं, वडील आले वाटतं?

"हाय," अनुपने वरूनच जपानी होकार दिला. "आले होते."

संध्याकाळी पाऊस लागला. अनुप माळ्यावर जाऊन अंधारात हाताने प्लायवूड चाचपून आला. कोरडं होतं. त्या रात्री तो नीट जेवला, आणि मला वाटलं, चला, निभावलं.

कराडला तेरावा झाला. पाहुणे पांगल्यावर संध्याकाळी आम्ही विवेकदादांच्या इमारतीच्या गच्चीवर बसलो होतो, ते, अनुप आणि मी. अनुपने कॅमेऱ्यातले पुऱ्या झालेल्या छपराचे फोटो त्यांना दाखवले. त्यांनी एकेक फोटो बराच वेळ पाहिला. मग अनुप म्हणाला, दादा, बाबांचा पासपोर्ट मला देशील? बाकी काही नको. तो माळ्यावर ठेवेन.

विवेकदादांनी कॅमेरा खाली ठेवला.

"पासपोर्ट नाहीये," ते म्हणाले. "काढलाच नव्हता. मी दोनदा एजंट आणला, दोन्ही वेळा परत पाठवला त्यांनी. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस. म्हणाले, आत्ता तो माझ्याशी अर्धा तास बोलतो. मी जाऊन छप्पर पुरं केलं की संपलं. मग काय बोलणार तो माझ्याशी?"

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"आणि आता सांगतोच आहे तर सगळं सांगतो," विवेकदादा म्हणाले. "कावळा शिवला नव्हता. भटजींनी शेवटी दर्भाचा करून शिववला. तू रडत होतास. मला दुसरं काही सुचलं नाही."

मला रडू आवरेना. आठ महिने खोटं बोलून ज्या माणसाने ते छप्पर उघडं ठेवलं, त्यालाच आम्ही छप्पर पुरं करायचं वचन देत होतो. सगळ्या जगात त्यांना नको होती ती एकच गोष्ट अनुप हात जोडून कबूल करत होता. कावळा कसा शिवणार होता?

मला वाटलं अनुप चिडेल, निदान भावावर तरी ओरडेल. त्याने कॅमेरा उचलून बंद केला.

"एका दुपारचं काम होतं, दादा," तो म्हणाला. "पट्ट्या दसऱ्यापासून तयार होत्या. सुलेखा सांगून दमली. मला काय कळत नव्हतं, बाबा येणार नाहीत ते?"

"मग लावली का नाहीस?"

"लावली असती तर रविवारी काय बोललो असतो?"

जयमालावहिनी जेवायला बोलवायला वर आल्या तेव्हा आम्ही तिथेच बसलेलो होतो.

परत आलो तेव्हा चिबात पाऊस चालूच होता. इशी-सानांना आम्ही कराडचे पेढे दिले आणि खरं काही सांगितलं नाही. माळ्यावरचं प्लायवूड अनुपने बदललं, बाबांचं अंथरूण मी धुऊन, वाळवून कपाटात ठेवलं. माळ्यावर आता काहीच नाही. एक खुर्ची आहे, ती अनुपने नेऊन ठेवली.

पहिला रविवार आला. मी मुद्दाम भाजी चिरत बसले. ठरलेल्या वेळी अनुप फोनपाशी गेला आणि कार्डावरचे आकडे दाबायला लागला. सवयीने की कसं, मी विचारलं नाही. तिकडे विवेकदादांनीच उचलला. दोघा भावांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे तरी काय, तेही त्याच घरात वाढलेले. तब्येत बरी? बरी. वहिनी? बऱ्या. मग दोघंही थांबले. स्पीकर चालू होता, मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. शेवटी विवेकदादांनी विचारलं, तिकडे पाऊस आहे का?

"आहे," अनुप म्हणाला.

"गळतंय का?"

अनुपने खिडकीतून गॅरेजकडे पाहिलं. पाणी वरच्या उतारावरून येत होतं, पट्टीवर पडत होतं आणि पट्टीवरून खाली जात होतं. एक थेंब आत जात नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही गळत."

"बरं," विवेकदादा म्हणाले. "ठेवतो मग."